खूणगांठ आणि कामांची यादी

मराठी घरांत एखादी गोष्ट विसरूं नये म्हणून पदराला गांठ मारण्याची रीत फार जुनी आहे. भाषेनेंहि ती उचलली आणि मनाशीं पक्क्या केलेल्या गोष्टीला 'खूणगांठ' हें नांव दिलें. या गांठीची एक मौज अशी कीं, ती काम कोणतें हें सांगत नाहीं. कांहीं तरी काम आहे, एवढेंच सांगते. तें कोणतें, हें गांठ पाहणारीनें स्वतःच आठवावयाचें. गांठ एकच असली तर हें साधतें. पदराला पांच गांठी पडल्या म्हणजे कोणती गांठ कशाची, हा नवा प्रश्न उभा राहतो. कामांची यादी आणि आज फोनमध्यें वा संगणकावर ती यादी सांभाळणारें सॉफ्टवेअर, हीं दोन्हीं या एका अडचणीचीं उत्तरें होत.

असलीं सॉफ्टवेअरें आज फुकट किंवा अल्प मोलांत कोणत्याहि फोनवर मिळतात. पुष्कळ सुशिक्षित घरांतून त्यांची गत मात्र ठरलेली असते. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यांत मोठ्या हौसेनें यादी तयार होते. संक्रांतीपर्यंत ती टिकते. आणि होळीच्या सुमारास मुदत टळलेलीं कामें तांबड्या अक्षरांत साचलेलीं पाहून मंडळी ती उघडण्याचेंच सोडून देतात. दोष यंत्राचा कीं वापरणाराचा, हा निवाडा करण्यापूर्वीं हें यंत्र काय करतें आणि काय करीत नाहीं, तें नीट समजून घेणें इष्ट आहे.

'आठवण' या एका शब्दानें आपण दोन निराळ्या गोष्टी दर्शवितों. काल काय घडलें तें आठवणें ही एक, आणि उद्यां काय करावयाचें आहे तें आठवणें ही दुसरी. पहिलीची परीक्षा शाळेंत होते, दुसरीची संसारांत. आईन्स्टाईन आणि मॅक्डॅनिअल या दोघां अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९९० मध्यें या दुसऱ्या प्रकारच्या स्मृतीचे पुन्हां दोन भाग पाडून दाखविले. पोस्टावरून जातांना पाकीट टाकावयाचें असलें, तर पोस्टाची पेटी दिसतांच आठवण होते. येथें बाहेरची वस्तु मदतीला येते. परंतु दुपारीं चार वाजतां औषधाची गोळी घ्यावयाची असली, तर चार वाजले आहेत हें सांगणारें समोर कांहीं नसतें. त्या वेळीं मनानेंच मनाला जागें करावें लागतें, आणि हेंच काम मनाला जड जातें. चार वाजतांची गोळी ही जर अवघड, तर सहा महिन्यांनंतरच्या एखाद्या तारखेची गोष्ट काय बोलावी?

जुन्या काळच्या जीवनांत या दुसऱ्या प्रकारचीं कामें थोडीं होतीं, आणि जीं होतीं त्यांना सृष्टीचा आधार होता. कोल्हापूर जिल्ह्यांतील आजरा तालुक्याचें उदाहरण घेण्यासारखें आहे. सह्याद्रीच्या कुशींतला, हिरण्यकेशी नदीच्या कांठचा हा मुलूख भरपूर पावसाचा आहे. येथल्या घनसाळ नांवाच्या सुवासिक भाताला २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. या भागांत उन्हाळ्याच्या अखेरीस कोरड्या मातींत भाताची धूळवाफ पेरणी करण्याचा प्रघात आहे. ती केव्हां करावी, हें शेतकऱ्याला कोणत्याहि वहींत टिपून ठेवावें लागलें नाहीं. रोहिणी नक्षत्र लागलें म्हणजे पेरणीची घाई, मृग निघाला म्हणजे पावसाची वाट, आर्द्रा-पुनर्वसूंत कोळपणी-भांगलण, हस्त-चित्रांत पिकाची राखण आणि दिवाळीच्या पुढेंमागें कापणीची तयारी. वर्षाची ही सगळी यादी पंचांगानें बांधून दिलेली. वर तिची आठवण करून देण्यास ढग, वारा आणि शेजारच्या शेतांतला औत हजर. शेजारी पेरूं लागला कीं आपण मागें पडलों, हें सांगण्यास निराळें माणूस नको.

आतां त्याच आजऱ्यांतल्या एखाद्या घरावर आज कोणतीं कामें येऊन पडतात तीं पाहावीं. घरांत कोणी निवृत्तिवेतन घेत असेल तर दर नोव्हेंबरांत हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो न पोंचला तर वेतन थांबतें. पीककर्जाची परतफेड मुदतींत झाली तर व्याजांत सवलत मिळते. मुदत टळली कीं ती जाते. गाडीचा विमा वर्षाच्या ठराविक दिवशीं संपतो, आणि संपल्यावर कांहीं अपघात झाला तर भरपाईचा भार मालकावर येतो. विजेचें बिल, आयुर्विम्याचा हप्ता, मुलाच्या प्रवेश-अर्जाची शेवटची तारीख, रक्तदाबाच्या गोळ्या संपण्याचा दिवस, हीं सारीं याच जातीचीं कामें. यांपैकीं एकाचीहि आठवण आकाश करून देत नाहीं. हयातीच्या दाखल्यासाठीं ढग जमून येत नाहींत, आणि शेजाऱ्यानें आपला विमा भरला तरी त्याच्या अंगणांत तें दिसत नाहीं. कामें वाढलीं आणि त्याच वेळीं त्यांच्या नैसर्गिक खुणा नाहींशा झाल्या, हें विसरभोळेपणाच्या आजच्या तक्रारीमागचें खरें कारण आहे. माणसाची बुद्धि मंद झाली, असें समजण्याचें प्रयोजन नाहीं.

यावर आपल्याकडे उपाय झाले नव्हते असें नाहीं. मराठशाहीच्या कागदपत्रांत 'यादी' हा कागदाचा एक स्वतंत्र प्रकारच आहे. एकाखालीं एक कलमें मांडावयाचीं आणि त्या त्या कलमाचा निकाल त्याच्यापुढें लिहावयाचा, ही तिची रीत. व्यापाऱ्याच्या पेढीवर रोजकीर्द होती. गेल्या अर्ध्या शतकांत मात्र मराठी घराची खरी यादी भिंतीवर टांगलेली आहे. जयंतराव साळगांवकर यांनीं १९७३ मध्यें 'कालनिर्णय' ही दिनदर्शिका काढली, आणि तिच्या चौकटींत तिथि-वार पाहतां पाहतां गृहिणींनीं आपला संसार लिहिण्यास आरंभ केला. दूध किती घेतलें, गॅसची टाकी कोणत्या दिवशीं लावली, कामवाली बाई कधीं आली नाहीं, भिशीचा हप्ता केव्हां, डॉक्टरांनीं पुन्हां कधीं बोलाविलें आहे, हें सारें त्या लहानशा चौकोनांत मावतें. खिळ्याला दोऱ्यानें बांधलेली पेन्सिल हें त्या यंत्राचें दुसरें अंग. ज्या सूत्रांवर आजचें सॉफ्टवेअर उभें आहे, त्यांतलीं बहुतेक या भिंतीवर पूर्वींच होतीं: काम तारखेला जोडलेलें आहे, जागा सर्वांना माहीत आहे, आणि येतांजातां तिच्यावर नजर पडते.

मग नव्या यंत्राची गरज काय, अशी शंका कोणी घेईल. दिनदर्शिकेला चार गोष्टी साधत नाहींत. ती हांक मारीत नाहीं. पाहिलें तरच बोलते. डिसेंबरांत ती उतरली कीं तिच्यावरच्या नोंदी तिच्याबरोबर जातात, आणि दरवर्षीं येणारें काम नव्यानें उतरून काढावें लागतें. ती एका भिंतीवर असते. आजऱ्यांतल्या भिंतीवरचें पुण्यांतल्या मुलाला दिसत नाहीं. आणि ज्या कामाला तारीखच नाहीं, जसें 'परसांतल्या आडाला जाळी बसविणें', त्याला तिच्यांत जागा नसते. सॉफ्टवेअरचीं मुख्य अंगें या चार उणिवांशीं एकेक करून जुळतात.

पहिलें अंग नोंदीचें. काम सुचतांच तें एका ठिकाणीं लिहावयाचें. बहुतेक सॉफ्टवेअरांत यासाठीं एक सरसकट पेटी ठेवलेली असते. टपालवाल्यानें आणलेलीं सगळीं पत्रें आधीं एका टेबलावर पडावीं आणि मग तीं ज्याचीं त्याला वांटावीं, तसाच हा प्रकार. सुचलेलें काम कोणत्या यादींत बसतें याचा विचार त्याच क्षणीं करावा लागला, तर मनुष्य लिहिण्याचाच कंटाळा करतो. म्हणून लिहिणें आणि लावणें हीं दोन कामें वेगळीं केलेलीं असतात. आतां फोनला तोंडीं सांगितलें तरी तो लिहून घेतो, आणि मराठींत सांगितलेलेंहि बऱ्यापैकीं समजतो.

दुसरें अंग तारखेचें आणि पुनरावृत्तीचें. येथें एक बारकावा आहे व तो पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. परत परत येणारीं कामें दोन प्रकारचीं असतात. विजेचें बिल हें आपण मागच्या महिन्यांत उशिरां भरलें म्हणून या महिन्यांत उशिरां येत नाहीं. त्याचें चक्र दिनदर्शिकेशीं बांधलेलें आहे. पिण्याच्या पाण्याच्या गाळणीचा भाग बदलणें हें मात्र तसें नव्हे. तो मागच्या वेळीं ज्या दिवशीं बदलला, त्या दिवसापासून सहा महिने मोजावयाचे. पहिल्या प्रकारचें काम तारखेवरून उगवतें, दुसऱ्या प्रकारचें काम मागील काम पुरें झाल्यावरून. चांगल्या सॉफ्टवेअरांत हे दोन्ही पर्याय निरनिराळे असतात. निवड चुकली तर एक तर गाळणी अवेळीं बदलली जाते, नाहीं तर बिलाची तारीख हळूहळू पुढें सरकत जाऊन दंड भरावा लागतो.

तिसरें अंग सूचनेचें, म्हणजे हांक मारण्याचें. येथें मुदत आणि सूचना यांचा भेद ओळखला पाहिजे. हयातीच्या दाखल्याची मुदत नोव्हेंबरअखेर असली, तरी तिची सूचना तीस नोव्हेंबरला येणें निरुपयोगी. त्या दिवशीं बँकेंत रांग असेल किंवा प्रकृति बरी नसेल. मुदत काम कधीं संपलें पाहिजे तें सांगते, सूचना तें कधीं सुरू करावें तें सांगते. या दोहोंमधलें अंतर ठरविणें हें विचाराचें काम आहे, आणि तें सॉफ्टवेअर आपल्या वतीनें करीत नाहीं. कित्येक सॉफ्टवेअरांत सूचना वेळेऐवजीं ठिकाणालाहि बांधतां येते. गडहिंग्लजच्या बाजारांत पोंचलें म्हणजे फोननें पंपाच्या सुट्या भागाची आठवण द्यावी, अशी सोय करतां येते. वर सांगितलेल्या पोस्टाच्या पेटीची ही कृत्रिम आवृत्तीच होय.

चौथें अंग वर्गवारीचें. कामें याद्यांत वांटतां येतात, एका मोठ्या कामाचीं पोटकामें पाडतां येतात, त्यांवर खुणेचे शब्द लावतां येतात आणि त्यांचा अग्रक्रम ठरवितां येतो. वापरणाऱ्याची गाडी बहुधा येथेंच चिखलांत रुतते. याद्यांना रंग देणें, खुणा लावणें, क्रम बदलणें यांत तास दोन तास गेले तरी काम केल्याचें समाधान मिळतें. काम मात्र एकहि झालेलें नसतें. घरगुती व्यवहारास तीन-चार याद्या आणि अग्रक्रमाची एकच खूण एवढें पुष्कळ होतें.

पांचवें अंग सामायिक यादीचें. एका फोनवर केलेली नोंद दुसऱ्या फोनवर कशी दिसते, हें पुष्कळांना गूढ वाटतें. यादीची मूळ प्रत कंपनीच्या दूरच्या संगणकावर असते आणि प्रत्येक फोन तिची नक्कल बाळगतो. फोनला जाळ्याची जोड मिळाली कीं तो आपल्याकडचे बदल तिकडे पाठवितो आणि इतरांनीं केलेले बदल घेऊन येतो. त्यामुळें घाटांत जोड तुटली तरी नोंद करतां येते. ती मागाहून पोंचते. दोघांनीं एकाच वेळीं एकाच नोंदींत फेरफार केला, तर बहुधा शेवटीं केलेला फेरफार टिकतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरांना एकमेकांची भाषा समजावी म्हणून १९९८ मध्यें 'आयकॅलेंडर' नांवाचा एक खुला नमुना ठरविण्यांत आला आणि २००९ मध्यें तो सुधारला गेला. भेटीगांठी आणि करावयाचीं कामें यांना त्यांत स्वतंत्र घरें दिलेलीं आहेत.

या यंत्राचा इतिहास फार लांबचा नाहीं. १९९६ मध्यें अमेरिकेंत निघालेल्या 'पाम पायलट' या खिशांतल्या लहान संगणकावर जीं चार मुख्य बटणें होतीं, त्यांतलें एक कामांच्या यादीचें होतें. २००१ मध्यें डेव्हिड अ‍ॅलन यांचें 'गेटिंग थिंग्ज डन' हें पुस्तक निघालें आणि सुचलेलें सारें एका ठिकाणीं उतरवून आठवड्यांतून एकदां तपासण्याची रीत त्यानें रूढ केली. २००३ मध्यें नेदरलँड्समधील ज्योतिर्विद कार्स्टेन डोमिनिक यांनीं आपल्या सोयीसाठीं साध्या मजकुरांत याद्या ठेवणारें 'ऑर्ग मोड' तयार केलें. २००५ मध्यें ऑस्ट्रेलियांतून 'रिमेम्बर द मिल्क' आलें. त्याचें नांवच 'दुधाची आठवण ठेवा' असें आहे. तेव्हां दुधाची चिंता ही मराठी गृहिणीपुरती नव्हे, हें उघड आहे. २००७ मध्यें 'टुडुइस्ट' निघालें, आणि पुढें फोन बनविणाऱ्या कंपन्यांनींच असलीं साधनें फोनबरोबर देण्यास सुरुवात केली.

कामें लिहून ठेवल्यानें मनाला हलकें वाटतें, हा सर्वांचा अनुभव आहे. त्याचें कारणहि शोधलें गेलें आहे. ब्लूमा झायगार्निक या विदुषीनें १९२७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, पुरीं झालेल्या कामांपेक्षां मध्येंच तोडलेलीं कामें माणसाच्या अधिक लक्षांत राहतात. पुढें झालेल्या सर्वच प्रयोगांत हा परिणाम सारखा आढळला नाहीं. तरी अर्धवट कामें मनाला टोंचत राहतात, ही गोष्ट कोणी अमान्य करणार नाहीं. २०११ मध्यें मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांनीं आणखी एक पाऊल टाकलें. काम पुरें केलें नाहीं, पण तें कधीं, कोठें व कसें करावयाचें याची निश्चित योजना केली, तर त्याची टोंचणी पुष्कळ कमी होते, असें त्यांच्या प्रयोगांत दिसून आलें. म्हणजे मन कामाची पूर्तता मागत नाहीं, त्याची व्यवस्था लागल्याची हमी मागतें. येथें एक अट ध्यानांत ठेवावी. ही हमी खरी असली पाहिजे. जी यादी आपण उघडणारच नाहीं असें मनाला ठाऊक आहे, तिच्यांत लिहिलेलें काम मन आपल्या डोक्यावरून उतरवीत नाहीं.

आतां यंत्राच्या मर्यादांकडे वळूं. पहिली मर्यादा अशी कीं, यादी कामें सांठविते, वेळ सांठवीत नाहीं. कागद संपतो, फोनची यादी संपत नाहीं, म्हणून ती वाढतच जाते. त्यांत आपला अंदाज नेहमींच आशावादी असतो. कॅनडांतील ब्यूलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९४ मध्यें विद्यार्थ्यांना आपला प्रबंध किती दिवसांत पुरा होईल असें विचारलें. त्यांचा सरासरी अंदाज सुमारें ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षांत सुमारें ५५ दिवस लागले. होळीच्या सुमारास याद्या तांबड्या कां होतात, याचा उलगडा या दोन आंकड्यांत आहे. सकाळीं दहा कामें लिहिणारानें त्यांतलीं सहाच होणार असें धरून चालावें आणि ती सहा कोणतीं तें आधींच ठरवावें.

दुसरी मर्यादा लिहिण्याच्या रीतीची. 'घराची दुरुस्ती' असें लिहिलें तर तें काम नव्हे, ती एक चिंता आहे. तिच्यासमोर खूण करण्याचा दिवस कधींच उगवत नाहीं. 'कौलें उतरविणाऱ्या गवंड्याला रविवारीं फोन करणें' हें काम होय, कारण तें एका बैठकींत संपतें आणि संपलें हें कळतें. नोंदीचा शेवट क्रियापदानें व्हावा, एवढा एक नियम पाळला तरी अर्ध्या याद्या सुधारतील.

तिसरी गोष्ट मर्यादेपेक्षां भेदाची आहे. कामांची यादी वेगळी आणि तपासणीची यादी वेगळी. पहिलींत प्रत्येक काम एकदां करावयाचें असतें. दुसरी दर वेळीं तीच असते व तिच्यांत नेहमींच्या कामांतली एखादी पायरी गळूं नये एवढाच हेतु असतो. या दुसऱ्या प्रकाराचें महत्त्व जगाला पटवून देण्यांत एका मराठी कुळांतल्या शल्यवैद्याचा मोठा वांटा आहे. डॉ. अतुल गावंडे यांचे वडील विदर्भांतल्या उटी या खेड्यांतून अमेरिकेस गेले. अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखालीं जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ मध्यें शस्त्रक्रियेसाठीं १९ कलमांची एक तपासणी-यादी तयार केली. रोग्याचें नांव व शस्त्रक्रियेची जागा बरोबर आहे ना, प्रतिजैविक औषध वेळेवर दिलें ना, शस्त्रें व बोळे मोजले ना, असले साधे प्रश्न तिच्यांत आहेत. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत तिची परीक्षा झाली. २००९ च्या आरंभीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आलें आणि मोठ्या गुंतागुंतींचें शेंकडा ११ वरून ७ वर. निष्णात शल्यवैद्यांना जर कागदावरच्या साध्या प्रश्नांची लाज वाटत नाहीं, तर प्रवासास निघतांना गॅस, नळ, कुलूप आणि औषधें यांची चार ओळींची यादी वाचण्यांत सामान्य गृहस्थानें संकोच करण्याचें कारण नाहीं.

यानंतरचा प्रश्न अधिक नाजूक आहे. घरची यादी कोणाच्या डोक्यांत असते? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणींत, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटें जातात आणि पुरुषांचीं ९७, असें आढळलें. हा झाला हात चालण्याचा हिशेब. तांदूळ कधीं संपणार, सासऱ्यांची गोळी कधीं आणावयाची, मुलीच्या शाळेंत कोणत्या दिवशीं काय न्यावयाचें, नणंदेच्या घरच्या कार्याला आहेर काय द्यावयाचा, हें ध्यानांत ठेवण्याचें काम असल्या मोजणींत क्वचितच उमटतें. तें एकाच व्यक्तीच्या डोक्यांत चोवीस तास चाललेलें असतें. 'सांगितलें असतेंस तर आणलें असतें', हें वाक्य मराठी घरांतून रोज ऐकूं येतें. त्यांतला अन्याय असा कीं, आणण्याचें काम एकानें वांटून घेतलें तरी सांगण्याचें काम दुसरीकडेच राहतें. सामायिक यादीचा खरा उपयोग येथें आहे. ज्याच्या नांवापुढें काम लिहिलें, त्याला आठवण यंत्रानें द्यावी, गृहिणीनें नव्हे. मात्र ती यादी घरांतल्या सर्वांनीं उघडली पाहिजे. ती भरण्याचें कामहि पुन्हां तिच्याच गळ्यांत पडलें, तर ओझें कमी न होतां त्यांत फोनची भर पडेल.

आजरा, चंदगड, गडहिंग्लज या तालुक्यांतून कित्येक घरांत आईवडील गांवीं आणि मुलें मुंबई-पुण्यास, अशी स्थिति आहे. तेथें सामायिक यादीला आणखी एक अर्थ येतो. वडिलांच्या हयातीच्या दाखल्याची नोंद पुण्यांतल्या मुलानें केली, सूचना दोन्ही फोनवर आली, आणि वडिलांनीं बँकेंतून परत येऊन त्यापुढें खूण केली कीं ती मुलाला तिकडे दिसते. रोज फोन करून 'गेलां होतां का?' असें विचारण्याचा प्रसंग टळतो. वृद्ध माणसाला विचारपूस हवी असते, चौकशी नको असते. आणि फोनवरच्या बोलण्यांतून चौकशीचा भाग यादीनें काढून घेतला, तर उरलेलें बोलणें सुखाचें होतें. उलट, खूण दिसली म्हणून मुलानें फोन करणेंच बंद केलें, तर तो दोष यादीच्या माथीं मारतां येणार नाहीं.

शेवटीं सावधगिरीच्या दोन गोष्टी. घरच्या यादींत घरचें सारें असतें: कोणाला कोणतें औषध चालू आहे, कर्ज किती आहे, घर कोणत्या दिवशीं बंद असणार. ही माहिती परक्या संगणकावर राहते, म्हणून परवलीचा शब्द, खातेक्रमांक असलें कांहीं तिच्यांत कधींहि लिहूं नये. दुसरी गोष्ट टिकाऊपणाची. बर्लिनमध्यें जन्मलेलें 'वंडरलिस्ट' हें सॉफ्टवेअर फार लोकप्रिय होतें. २०१५ मध्यें तें मायक्रोसॉफ्टनें विकत घेतलें आणि मे २०२० मध्यें बंद केलें. ज्यांनीं आपल्या याद्या वेळेवर दुसरीकडे हलविल्या नाहींत, त्यांना त्या मुकाव्या लागल्या. म्हणून कोणतेंहि साधन निवडतांना त्यांतून आपल्या याद्या साध्या मजकुराच्या रूपांत बाहेर काढतां येतात कीं नाहीं, हें प्रथम पाहावें, आणि वर्षांतून एकदां तशी प्रत काढून ठेवावी.

ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांनीं तो लहान करावा. फोनबरोबर आलेलेंच साधन घ्यावें. नवें शोधीत बसूं नये. पहिल्या दिवशीं फक्त वर्षांतून एकदां वा दोनदां येणारीं, आणि चुकलीं तर नुकसान करणारीं कामें लिहावींत: हयातीचा दाखला, विमा, कर्जाची मुदत, घरपट्टी. हीं बहुधा दहा-बारांपेक्षां अधिक भरत नाहींत. प्रत्येकाला मुदत आणि तिच्या पंधरा दिवस आधींची सूचना द्यावी, आणि घरांतल्या आणखी एका माणसाला त्या यादींत सामील करून घ्यावें. रोजचीं बारीकसारीक कामें महिनाभर पूर्वींप्रमाणेंच भिंतीवर वा कागदावर राहूं द्यावींत. रविवारीं सकाळीं चहाच्या वेळीं पांच मिनिटें ही यादी उघडून जें झालें त्यावर खूण करावी, जें आतां करावयाचें नाहीं तें निःसंकोचपणें खोडावें, आणि येत्या आठवड्यांतलीं कामें कोण करणार हें तेथेंच ठरवावें. या पांच मिनिटांचा नेम ज्या घरांत टिकला, तेथें नोव्हेंबरांतला दाखला वेळेवर पोंचेल, मग यादी फोनवर असो, भिंतीवर असो, नाहीं तर वहीच्या शेवटच्या पानावर असो.